दक्षिण आफ्रिकेतले नायडू: उपाधीचं आडनाव कसं झालं आणि त्यावरून मूळ गाव सापडतं का?

जोहान्सबर्गला नोकरी करणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या कचेरीत एकमेकांशी काहीच नातं नसलेले बरेच ‘नायडू’ आहेत. हे लोक इंग्रजीत आडनावाच्या शेवटी दोन ‘ओ’ लिहितात. त्यांतल्या एका सहकारी बाईंना आपलं भारतातलं मूळ गाव शोधायचं आहे. वाचक विचारतात, हे आपल्याकडचेच नायडू का? इतके कसे काय? आणि आडनाव हातात असताना आंध्रात जाऊन घर सापडेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे आणि शेवटच्याचं ‘नाही’. आडनावावरून घर सापडणार नाही. एका क्रमांकावरून मात्र सापडू शकतं, आणि तो क्रमांक बहुतेक घरांत कुठल्यातरी जुन्या कागदावर असतो. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांच्या, नोंदी वाचणं आणि त्यांच्या वंशजांना त्या लावून देणं हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. आडनावावर विश्वास ठेवून भारतात आलेली आणि हात हलवत परतलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपला घोटाळा इथे होतो की आपण आडनावाकडे मराठी डोळ्यांनी पाहतो. आडनाव म्हणजे घराण्याचं नाव, बापाचं तेच मुलाचं, आणि त्याला ‘कर’ लागलेलं असेल तर आत गावसुद्धा बसलेलं. तेलुगू पद्धत निराळी आहे. तिथे घराण्याचं नाव असतं ‘इंटिपेरु’, म्हणजे घरनाव. ते माणसाच्या नावाच्या आधी येतं आणि बहुधा एका आद्याक्षरात आखडतं. नावाच्या नंतर जे येतं, नायडू, रेड्डी, राव, शेट्टी, ती उपाधी. ती समाज आणि मान सांगते, घर सांगत नाही. एम. व्यंकय्या नायडू यांच्यातला ‘एम’ म्हणजे मुप्पवरपु, ते त्यांचं घरनाव. चंद्राबाबूंचं पूर्ण नाव नारा चंद्राबाबू नायडू. त्यांच्या मुलाचं नाव नारा लोकेश. मुलाच्या नावात ‘नायडू’ नाहीच, पण ‘नारा’ आहे. घराणं कुठल्या शब्दात राहतं हे एवढ्यावरून कळावं. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींमधलं ‘नीलम’ तेच, आणि नरसिंह रावांच्या आधीचा ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती, तोही तोच.

तेलुगूत मूळ रूप ‘नायुडु’. ते ‘नायक’ या शब्दाकडे जातं. विजयनगरच्या काळात सैन्य बाळगून मुलूख सांभाळणारे ते नायक. पुढे मदुराई, तंजावर, जिंजी इथे या नायकांची स्वतंत्र राज्यं झाली. मदुराईचे नायक १७३६ पर्यंत टिकले. तंजावरच्या नायकांची सत्ता १६७३ मध्ये संपली आणि त्यानंतर थोड्याच काळात तिथे व्यंकोजीराजे भोसले आले, त्यामुळे तंजावर आपल्याला ओळखीचं. या राज्यांबरोबर तेलुगू सैनिक, शेतकरी, व्यापारी तमिळ मुलखात खोलवर पसरले आणि तिथेच राहिले. कोइंबतूरचे जी. डी. नायडू, ज्यांना यंत्रांचे किमयागार म्हणून तमिळनाडू ओळखतो, ते अशाच तेलुगूभाषक घरातले. घरात तेलुगू, बाजारात तमिळ. ‘नायडू’ म्हणजे आंध्राचाच, हा समज त्यामुळे सुरुवातीलाच सोडून द्यायला हवा.

शिवाय ही उपाधी एका जातीचीही नाही. कम्मा, कापू, बलिज, तेलगा, वेलमा, उत्तर आंध्रातले गवर अशा बऱ्याच समाजांतले लोक ती लावतात. त्यांच्यात आपसांत सोयरीक होत नसे. म्हणजे भारतातसुद्धा दोन नायडू भेटले तर ते एका जातीचे असतील एवढंही सांगता येत नाही.

महाराष्ट्रातच याचे दोन फार चांगले दाखले आहेत. सोलापूरला या. तिथले पद्मशाली मूळचे तेलुगू, विणकामामुळे आलेले. त्यांची आडनावं बघा: आडम, कुचन, सादूल, बोल्ली, येमूल. ही सगळी घरनावं. मराठी मुलखात शाळेत, कचेरीत आडनाव विचारलं गेलं आणि त्यांनी घरनाव सांगितलं. ते पुढून उचलून शेवटी आलं एवढाच फरक पडला, घराण्याची खूण शाबूत राहिली. दुसरा दाखला नागपूरचा. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले. ‘सी’ म्हणजे कोट्टारी, इंग्रजीत ‘सी’ने लिहिलेलं त्यांचं घरनाव. ‘के’ म्हणजे कनकय्या. भाऊ सी. एस. नायडू, तेही कोट्टारी. इथे उपाधी जगासमोर आली, पण घरनाव निदान आद्याक्षरात जिवंत राहिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या इंग्रज वसाहतीत ऊसमळ्यांवर गेलेल्यांच्या नशिबी तेवढंही आलं नाही.

आता तिकडे वळू. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ हे जहाज मद्रासहून डर्बनच्या बंदरात लागलं, त्यावर ३४२ माणसं होती. दहा दिवसांनी कलकत्त्याहून ‘बेल्वेडेर’ आलं. नाताळच्या इंग्रज मळेवाल्यांना ऊस होता, पण त्यांच्या अटींवर राबणारे हात नव्हते. झुलू शेतकऱ्याला स्वतःची जमीन आणि गुरं सोडून मळ्यावर बांधून घ्यायचं कारण नव्हतं. म्हणून भारतातून पाच वर्षांच्या करारावर मजूर आणले. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग आणि शिधा, पुढे दर वर्षाला शिलिंगभर वाढ. हा करार म्हणजेच ‘गिरमिट’. १८६६ ला भरती थांबली, १८७४ ला परत सुरू झाली, आणि लगेच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ मद्रास इलाख्यावर कोसळला. भरतीचे दलाल त्या काळात कुठल्या वेशीवर उभे असतील हे सांगायला नको. १९११ पर्यंत १,५२,१८४ माणसं नाताळला गेली, त्यांतली सुमारे दोनतृतीयांश मद्रास बंदरातून.

ही भरती थांबण्यात आपल्या एका माणसाचा हात आहे, आणि महाराष्ट्रात त्याची आठवण फारशी काढली जात नाही याची मला खंत आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळसाठी मजूरभरती बंद करण्याचा ठराव आणला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी सगळ्याच वसाहतींची गिरमिट पद्धत रद्द करण्याचा ठराव मांडला, तो मात्र पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले.

माणूस जहाजावर चढताना नोंद व्हायची: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, स्त्री की पुरुष, जात, जिल्हा, तालुका किंवा ठाणं, गाव, अंगावरची खूण. नावाच्या रकान्यात एकच नाव. अप्पलसामी. मुनियम्मा. व्यंकटसामी. आडनावाचा रकानाच नव्हता, आणि घरनाव विचारण्याची कारकुनाला गरज वाटली नाही. १८९४ मध्ये दात पाडलेल्या, रक्ताळलेल्या तोंडाने गांधीजींकडे आलेला मजूर इतिहासात नुसता ‘बालसुंदरम्’ आहे, पुढेमागे काही नाही. असेच हजारो आहेत.

आडनावाचा प्रश्न उभा राहिला तो पुढच्या पिढीत. मूल जन्मलं, त्याची नोंद करायची, शाळेत घालायचं, गिरमिट संपल्यावर जमिनीचा तुकडा खंडाने घ्यायचा, परवाना काढायचा. इंग्रजी कागद दोन नावं मागतो. मग कुणी बापाचं नाव आडनाव केलं, कुणी आजोबांचं, आणि ज्याला उपाधी होती किंवा हवी होती त्याने उपाधी दिली. एकाच घरातल्या सख्ख्या भावांची आडनावं वेगळी झालेली मी नोंदींत वारंवार पाहिली आहेत. थोरला ‘नायडू’, धाकटा बापाच्या नावाने ‘अप्पलसामी’. दोघांची नातवंडं आज एकमेकांना परकी समजतात.

स्पेलिंगमधल्या त्या दोन ‘ओं’चं फार गूढ मानायचं कारण नाही. दीर्घ ‘ऊ’ तसा लिहायची इंग्रजांची जुनी रीत होती, पुण्याचं ‘पूना’ही तसंच लिहिलं जाई. भारतात पुढे ‘यू’ रूढ झाला, वसाहतीत जुनं तेच गोठलं. मुदलियारचं ‘मूडली’ झालं, गौंडरचं ‘गाउंडेन’, पडयाची शेवटी दोन ‘ई’ घेऊन बसले, पिळ्ळैंच्या शेवटी ‘वाय’ आला. नायक्करचं ‘नायकर’ झालं. १९४७ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि भारतीय संघटना यांच्यात ऐक्याचा करार करणाऱ्या तीन डॉक्टरांपैकी डॉ. मॉन्टी नायकर यांचं आडनाव हेच. शब्दाच्या मुळापाशी गेलं तर नायकर आणि नायडू एकाच ठिकाणी पोचतात, डर्बनमध्ये मात्र ती दोन अगदी निराळी आडनावं आहेत.

मग इतके नायडू कसे? मला यात तीन गोष्टी दिसतात, आणि तिसरी बोलायला लोक कचरतात.

एक म्हणजे घरनावं हजारो, उपाध्या मोजक्या. हजारो घरनावं पुसून जाऊन त्यांच्या जागी पाचदहा उपाध्या आल्या की प्रत्येक उपाधीखाली प्रचंड गर्दी होणारच. मुप्पवरपु, नारा, कोट्टारी ही तीन घरं नाताळला गेली असती तर तिथे एकच ‘नायडू’ झाली असती. म्हणून तिथल्या नायडूंची संख्या ही एका घराण्याच्या वाढीची खूण नाही.

दुसरी गोष्ट वस्तीची. दक्षिण आफ्रिकेत २०२२ च्या जनगणनेत भारतीय आणि आशियाई वंशाचे लोक सुमारे १७ लाख, म्हणजे २.७ टक्के. पण ते देशभर सारखे पसरलेले नाहीत. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने वंशानुसार वस्त्या वेगळ्या केल्या, डर्बनच्या भारतीयांना त्यांच्या घरांतून उठवून चॅट्सवर्थ आणि नंतर फिनिक्स या वसाहतींत नेऊन बसवलं. तिथल्या शाळेच्या हजेरीपटात नायडू, पिल्ले, गोव्हेंडर, रेड्डी एकापुढे एक यायचे. तिथून शिकून जोहान्सबर्गला आलेल्या पिढीमुळे तुमच्या कचेरीतही तेच दिसतं.

तिसरी गोष्ट जातीची. जहाजाच्या यादीत जातीच्या रकान्यात ज्यांच्यापुढे अस्पृश्य मानलेल्या किंवा खालच्या ठरवलेल्या जातींची नावं आहेत, त्यांचे वंशज पुढे नायडू, पिल्ले, मूडली झालेले सापडतात. समुद्रापलीकडे विचारणारं कोण होतं? गावातला पाटील-कुलकर्णी नव्हता, पाणवठा निराळा नव्हता, एकाच बराकीत सगळे राहत होते. नाव लिहून घेणाऱ्या गोऱ्या कारकुनाला नायडू आणि माला (आंध्रातली एक दलित जात) यांतला फरक ठाऊक नव्हता. ज्यांना गावाने मान दिला नाही त्यांनी मानाची उपाधी स्वतः घेतली. कुणाच्या कागदांत हे सापडलं तर तोंड लपवायचं काही कारण नाही. वंशजाला हे सांगताना मी आवाज खाली करत नाही, कारण माझ्या मते त्या पणजोबांनी केलेली ही फार हिमतीची गोष्ट आहे. पण शोध घेणाऱ्याला याचा व्यवहारी अर्थ कळलाच पाहिजे. आज ‘नायडू’ असलेल्या कुटुंबाचा मूळ समाज नायडू उपाधी लावणारा असेलच असं नाही. आंध्रातल्या नायडूंच्या जातमंडळांत विचारत फिरलात तर भलत्याच दारात उभे राहाल.

भाषेचंही तसंच. तांबी नायडूंचं उदाहरण घ्या. जन्म १८७५ चा, मॉरिशसमधला. मद्रास इलाख्यातून तिथे गेलेल्या आईबापांचा हा मुलगा दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालला आला आणि मालवाहतुकीचा धंदा करू लागला. १९०८ च्या पहिल्या सत्याग्रहात गांधीजींबरोबर तुरुंगात गेला. त्याच फेब्रुवारीत मीर आलमने गांधीजींवर हल्ला केला तेव्हा तांबी नायडू बरोबर होते आणि त्यांनीही मार खाल्ला. १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतल्या मजुरांना संपावर काढायला जे सत्याग्रही गेले, त्यांत ते होते. त्यांच्या पत्नी वीरम्माळ यांनीही त्या लढ्यात तुरुंगवास भोगला. नातू इंद्रेस नायडू यांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दहा वर्षं काढली. आडनाव तेलुगू उपाधीचं, पण गांधीजींनी तांबी नायडूंना तमिळ म्हटलं आहे, आणि थोडी तेलुगूही येत होती अशी पुस्ती जोडली आहे. तमिळ संघटनेचे ते पुढारी होते. तेव्हा तुमच्या सहकारी बाई ‘आम्ही तमिळ’ म्हणत असतील तर त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. त्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं, आणि पणजोबा घरात तेलुगू बोलत होते हेही त्याच वेळी खरं असू शकतं.

दोन ‘ओ’ एका कामाला मात्र नक्की येतात. त्यांवरून माणसाचा मार्ग बऱ्याचदा कळतो. लंडन, टोरांटो किंवा पर्थमध्ये दोन ‘ओ’वाला नायडू भेटला तर ते कुटुंब दक्षिण आफ्रिका किंवा मॉरिशसमधून आलेलं असण्याची शक्यता मोठी. एका ‘यू’ने संपणारा नायडू एकतर अलीकडे थेट भारतातून आलेला, नाहीतर फिजी-मलेशियाकडचा. फिजीत गिरमिट १८७९ ते १९१६ चालली, मद्रासहून तिथे जहाजं जायला लागली १९०३ पासून. तिथल्या दक्षिण भारतीयांनी १९२६ मध्ये नांदी या गावात ‘संगम’ ही स्वतःची संघटना स्थापन केली, तिच्या शाळा आजही चालतात. १९८७ च्या लष्करी उठावानंतर फिजीतले हजारो भारतीय ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडात गेले, त्यांच्याबरोबर हे ‘यू’वाले नायडूही. मलेशियात तर सरकारी कागदावर ‘अमक्याचा मुलगा’ अशी बापाच्या नावाचीच पद्धत असल्यामुळे उपाधी पुष्कळ ठिकाणी गळून गेली. फ्रेंचांच्या रियुनियन बेटावर पिळ्ळैचं ‘पुले’ झालं आणि नावालाच चिकटलं, ‘विरापुले’ हे तिथलं प्रसिद्ध राजकीय आडनाव असंच घडलेलं.

मॉरिशसमध्ये मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचंही नामकरण याच चरकातून झालं. रत्नागिरी, सातारा भागातून गेलेल्या पूर्वजाचं पहिलं नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव बनलं, म्हणून तिथे बाबाजी, भिवाजी ही आडनावं भेटतात आणि ‘कर’वाली फारशी भेटत नाहीत. केपटाउनच्या कोकणी मुसलमानांचं मात्र वेगळं आहे. ते गिरमिटावर गेले नाहीत, आपल्या पैशाने रत्नागिरीकडून गेले, त्यामुळे गावावरून पडलेली आडनावं बरोबर नेऊ शकले. पारकरचं पार्कर झालं तरी ते ओळखू येतं. माणूस कसा गेला, कुणाच्या वहीत नाव लिहून गेला, यावर आडनावात काय शिल्लक राहील ते ठरलं.

आता तुमच्या सहकारी बाईंनी काय करावं ते सांगतो.

सगळ्यांत आधी गिरमिटाचा क्रमांक शोधायचा. प्रत्येक मजुराला नाताळमध्ये एक वसाहती क्रमांक मिळाला आणि तो जन्मभर त्याला चिकटला. आजोबा-पणजोबांचा विवाहदाखला, मृत्यूची नोंद, जुना पास, कधी मुलांच्या जन्माचा दाखला, यांवर तो असतो. घरातल्या ट्रंका, देवघरामागचे डबे, मोठ्या आत्याचं कपाट, सगळं बघायला सांगा. घरात नाहीच मिळाला तर पीटरमॅरित्झबर्ग आणि डर्बनच्या सरकारी अभिलेखागारांत मृत्युपत्रं आणि मिळकतीच्या फायली आहेत. जहाजांच्या याद्यांची संगणकीय सूची झाली आहे, आणि डर्बनच्या विद्यापीठातलं गांधी-लुथुली डॉक्युमेंटेशन सेंटर या कामी मदत करतं. क्रमांक असेल तर नोंद तासाभरात निघते. नुसतं ‘नायडू’ घेऊन गेलात तर महिनोन्महिने जातील, कारण पुष्कळांच्या मूळ नोंदीत तो शब्द नसतोच.

नोंद मिळाली की जिल्ह्याच्या नावाला लगेच भुलायचं नाही. ‘मद्रास’ हे चढायचं बंदर, ते गाव नव्हे. ‘उत्तर अर्काट’ लिहिलेलं फार आढळतं. तो जिल्हा त्या काळी आजच्या तमिळनाडूतल्या वेल्लोर-राणीपेटपासून आजच्या आंध्रातल्या चित्तूरपर्यंत होता. चित्तूर वेगळा जिल्हा झाला १९११ मध्ये, म्हणजे नाताळची भरती बंद झाली त्याच वर्षी. त्यामुळे यादीतलं ‘उत्तर अर्काट’ आज दोन राज्यांत शोधावं लागतं, आणि तालुका वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘विजगापट्टम’चं तर आणखी अवघड. तो अवाढव्य जिल्हा फुटून १९५० मध्ये श्रीकाकुलम, १९७९ मध्ये विजयनगरम् आणि २०२२ मध्ये अनकापल्लीसह आणखी जिल्हे निघाले. जुन्या मद्रास इलाख्याचे तालुकावार नकाशे जवळ ठेवल्याशिवाय मी अशा नोंदीला हात लावत नाही. आणि गावाचं नाव उच्चार ऐकून इंग्रजीत लिहिलेलं असतं. ‘पालेम’, ‘पल्ली’, ‘पेटा’, ‘पुरम्’ यांची अदलाबदल झालेली असतेच.

गावाचं नाव वाचता येत नसेल तर माणसांची नावं बोलतात. आपल्याकडे जोतिबा-जोत्याजी नावांची रेलचेल दिसली की कोल्हापूरकडे नजर जाते ना, तसंच आहे हे. यादीत अप्पलसामी, अप्पलम्मा, सिंहाद्री अशी नावं एकाच कुटुंबात असली की मी सिंहाचलमच्या अप्पन्नाचा मुलूख धरतो, म्हणजे विशाखापट्टणम् आणि भोवतालचा उत्तर आंध्र. पैडम्मा, पैडितल्ली आलं तर विजयनगरम्. मुनिसामी, मुनियम्मा अर्काट-चित्तूरकडे बोट दाखवतात. हा पुरावा नव्हे, पण चार संशयित गावांतलं कुठलं आधी बघायचं ते ठरवायला पुरतो. बापाचं नाव आणि बरोबर चढलेल्यांचे लागचे क्रमांकही वाचावेत. एकाच गावातली माणसं पुष्कळदा एकापाठोपाठ नोंदलेली असतात, आणि एकाच्या नोंदीत चुकलेलं गाव शेजाऱ्याच्या नोंदीत नीट लिहिलेलं सापडतं.

मग घरनाव. कागदावर ते जवळजवळ कधीच नसतं, पण तोंडी टिकलेलं असू शकतं. तुमच्या सहकारी बाईंच्या घरात वयाने सगळ्यांत मोठं जे माणूस असेल त्याला विचारा की लग्न ठरवताना ‘यांच्यात करायचं नाही, हे आपलेच’ असं कुणाबद्दल आणि काय शब्द वापरून म्हणत. तेलुगू लोकांत एका घरनावात लग्न होत नाही, म्हणून घरनाव टिकलंच तर या बोलण्यात टिकतं. डर्बनमधली आंध्र महासभा १९३१ पासूनची आहे. तिथल्या जुन्या मंडळींनाही विचारता येईल. घरनाव आणि गाव दोन्ही जुळलं तर समजा काम झालं. त्या गावात त्या घरनावाची घरं आजही असण्याची शक्यता चांगली असते.

पुरट्टासी हा तमिळ महिना पाळणं, मांसाहार सोडणं, तिरुपतीच्या गोविंदाचं नाव घेणं, हे घरात असेल तर ते वैष्णव, बहुधा तेलुगू वळण दाखवतं. पण दक्षिण आफ्रिकेत हे तमिळ घरांतही पसरलं आहे आणि मुरुगनची तमिळ कावडी तेलुगू घरांतही निघते, तेव्हा यावर इमारत उभारू नये. डीएनए चाचणीचा मोह मी आवरायला सांगतो. त्यातून जे चुलत-मावस सापडतात ते बहुतेक डर्बन, सिडनी, लंडनचेच असतात, कारण आंध्रातल्या त्या गावात कुणी ती चाचणी केलेली नसते. कागद आधी, थुंकी नंतर.

प्रत्यक्ष गावी जायचं ठरलं तर ग्रामपंचायतीपेक्षा देवळाचा पुजारी आणि जुन्या शेतजमिनीचे उतारे ठेवणारी महसूल कचेरी जास्त उपयोगी पडतात. बरोबर तेलुगू बोलणारं माणूस हवंच. आणि गावात ‘आम्ही नायडू’ अशी सुरुवात न करता पूर्वजाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, घरनाव ठाऊक असेल तर ते, आणि ‘साधारण अमक्या साली मद्रासहून जहाजावर गेला’ एवढंच सांगावं. जात यादीत वेगळी निघाली असेल तर कुठल्या वस्तीत चौकशी करायची हेही त्यानुसार बदलतं, म्हणून जातीचा रकाना आधीच वाचून, घरच्यांशी मोकळेपणाने बोलून मग निघावं.

बाईंना क्रमांक मिळाला तर जहाजाच्या यादीतल्या मूळ हस्तलिखित पानाचा फोटो मागवा, संगणकावरच्या टंकलेल्या नोंदीवर थांबू नका. टंकताना गावांच्या नावांची बरीच मोडतोड झाली आहे, आणि मूळ अक्षर पाहिलं की तालुका बहुतेक वेळा लागतो. ते पान आणि कुटुंबातल्या दोन-तीन जुन्या पिढ्यांची नावं, हयात माणसांची माहिती वगळून, इथे लिहिलीत तर जिल्हा कुठला ते बघून मी कळवेन.